ओट्याची उंची

नकाशावर पाडायचं ते पिवळं,
नवं ते लाल,
राहणार ते काळं.
एवढ्यावर एकोणीस वर्षं
इंदुरात पोट भरते आहे मी.

लोकमान्य नगरातलं टाकळकरांचं घर
पहिल्या दिवशी जवळजवळ सगळं काळंच होतं.
बाथरूमजवळची एक खोली तेवढी पिवळी करा, म्हणाले,
आणि जमलं तर वर जायला जिना.
नुकताच निवृत्त झालेला माणूस,
फंडाचा आकडा खिशातल्या डायरीत,
आणि बोलताना हात खिशावर.

मग चौकसे ठेकेदाराने जमीन उकरली.
खाली माळव्याची काळी माती,
पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी,
एकतीस वर्षं घराला हळूच उचलून
हळूच खाली ठेवत आलेली.
"पाया बघा भिया," तो म्हणाला,
"म्हणजे, असला तर बघा."
त्या रात्री मी दोन खोल्या पिवळ्या केल्या.
पुढल्या आठवड्यात स्लॅबची सळई
त्याने बोटांनी मोडून दाखवली, शेवेसारखी.
छप्पर पिवळं.
आता छप्परच नाही, तर भिंती काय
उभ्या उभ्या आठवणी काढणार?
त्याही पिवळ्या.

निगमच्या खिडकीत फॉर्म एक, चौकोन दोन:
फेरबदल. नवीन बांधकाम.
"जुनं काही उभं आहे का?" बाबूने विचारलं,
मान वर न करता.
आहे, म्हटलं. पश्चिमेची भिंत.
खरं तर ती देउसकरांबरोबरची सामाईक,
साडेचार इंच यांची, साडेचार त्यांची,
पलीकडे त्यांचं कॅलेंडर अजून खिळ्याला.
उरलं होतं त्यातलंही अर्धं शेजाऱ्यांचं.
बाबूने फेरबदलावर खूण केली.

दुपारी ते मुलाला घेऊन बँकेत गेले.
तिथल्या बाईंनी फोटो पाहिले,
बैठकीच्या खोलीतून दिसणारं आभाळ पाहिलं,
आणि म्हणाल्या, हे दुरुस्तीच्या कर्जात बसत नाही.
एकाच दिवशी, चार चौक ओलांडून,
घर जुनंही होतं आणि नवंही.
टाकळकर दोन्हीकडे सही करून आले.
"वास्तुशांत परत करायची असते का हो अशा वेळी?"
त्यांनी मला विचारलं.
मी नकाशे काढते. मला काय ठाऊक.
गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, उंबरा तोच आहे ना?
उंबरा सोमवारीच मलब्याच्या ट्रॉलीतून गेला होता.

ओट्याला मी नेहमीसारखे तेहतीस इंच घातले होते.
सगळ्यांनाच घालते, कुणी विचारत नाही.
टाकळकरांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.
"अठ्ठावीस."
मी म्हटलं, काका, इतका बुटका ओटा कुणी करत नाही,
खाली सिलिंडर मावायचा नाही,
उद्या घर विकायचं ठरलं तर…
"ती चार फूट सात आहे," ते म्हणाले.
"पाटावर उभी राहून पोळ्या करते, लग्नापासून.
घर तयार घेतलं होतं. ओटा कुणाच्या मापाचा होता
देव जाणे. मी कधी विचारलंच नाही."
तेव्हा त्यांचा हात खिशावर नव्हता.

अठ्ठावीस लिहिलं.
कुठल्या रंगात, ते बराच वेळ कळेना.
पेन्सिलीने लिहून ठेवलं.
फाइलवर नाव अजूनही 'टाकळकर, फेरबदल' असंच आहे.

दिवाळीनंतर सहज गेले होते.
अंगणात टाकळकर नर्मदेच्या नळाला पाइप जोडत होते;
नळ जुनाच, एक दिवसाआड येणारा.
आत नव्या ओट्यापुढे तोच पाट,
आणि पाटावर शरयूकाकू,
पार कमरेत वाकून पोळी लाटणाऱ्या.
अहो, उतरा ना आता, मी म्हटलं.
"उतरेन," त्या म्हणाल्या, पोळी उलटून,
"जरा जुनं तर होऊ दे."